ग्रुपमध्ये किती, पावतीवर किती?

(अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या तालुका सचिवांसाठी घेतलेल्या अभ्यासवर्गातील भाषण)



मला विषय दिला आहे तो असा: 'सभासद मिळवण्यासाठी व टिकवण्यासाठी सोशल मीडियाचा वापर'. या विषयाचे दोन तुकडे आहेत. मिळवणे वेगळे आणि टिकवणे वेगळे. पहिल्या कामाला मोबाईल फार चांगला. दुसऱ्या कामाला तो एकटा पुरत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढे गैरसमज नको. आज आपल्या बहुतेक तालुका शाखांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सचिवांना विचारले, "तुमच्याकडे सभासद किती?" की उत्तर येते, "ग्रुपमध्ये दोनशे ऐंशी आहेत." मी ग्रुपचे विचारलेच नव्हते.

थोडे मागे जाऊन बघू. नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आपण दर वर्षी घेतो. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधु' पत्र चालवले. १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन केले. १८९० मध्ये जून महिन्यापासून रविवारची सुट्टी मिळाली, ती या खटपटीतूनच. त्या काळचे सोशल मीडिया म्हणजे 'दीनबंधु' पत्र आणि मैदानावरची सभा, असे म्हटले तरी चालेल. त्या साधनाने केवढे मोठे काम झाले! पण त्याच काळातल्या सरकारी अहवालात या मिलहँड्स असोसिएशनबद्दल असेही नोंदले गेले की तिला सभासदांची यादी नाही, निधी नाही आणि नियमही नाहीत. सरकारी माणसाने हे कौतुकाने लिहिलेले नाही, ते आपल्याला कळते. तरी गोष्ट खरी होती. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत गेले आणि त्यांच्यामागे ती संघटना उभी राहू शकली नाही. पावतीपुस्तकच नव्हते, मग पुढच्या माणसाच्या हातात द्यायचे काय?

लोखंड्यांना तेव्हा कामगार संघटनेचा कायदासुद्धा नव्हता. तो आला १९२६ मध्ये. आपली सबब तेवढी चालणार नाही.

सभासद कोणाला म्हणायचे, हे महाराष्ट्रात १९७१ च्या मान्यताप्राप्त संघटनांच्या कायद्याने अगदी साध्या शब्दांत सांगितले. दरमहा निदान पन्नास पैसे वर्गणी भरणारा, आणि मागच्या सहा महिन्यांत तीन महिन्यांहून जास्त थकबाकी नसलेला, तो सभासद. पन्नास पैशांना आज काही किंमत नाही, पण व्याख्या बघा. सभेला आला म्हणून सभासद, घोषणा दिली म्हणून सभासद, असे त्यात कुठे नाही. आपल्या अंगणवाडीच्या कामाला तो कायदा कितपत लागू, हा वाद बाजूला ठेवा. मोजायची रीत मात्र घेण्यासारखी आहे. कारखान्यातले काही साथी आज इथे बसले आहेत, त्यांच्यासाठी तर हा जीवन-मरणाचा प्रश्न झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. एका आस्थापनेत एकाहून जास्त संघटना असतील, तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकटी वाटाघाटीला बसणार. तेवढा कोणाकडे नसेल, तर वाटाघाटी मंडळ बनणार आणि त्यातही २० टक्क्यांच्या खालच्या संघटनेला जागा नाही. त्या दिवशी 'आमच्या पानाला इतके लाईक आहेत' हे सांगून भागणार नाही.

आता आपल्या कामाकडे येते.

अंगणवाडी म्हणजे एका गावात एक सेविका, एक मदतनीस. गिरणीसारखे फाटक नाही, की सुट्टीच्या भोंग्याला उभे राहून पत्रक वाटावे. महिन्याच्या बीट बैठकीला सगळ्या भेटतात, तिथे पर्यवेक्षिका बसलेली. पूर्वी आम्ही त्या बैठकीच्या आधी अर्धा तास एसटी स्टँडवर बोलायचो, तीच आमची द्वारसभा. एवढ्या विखुरलेल्या बायकांना रोज एकमेकींशी बोलता येईल असे साधन मिळाले, ही लहान गोष्ट नाही. जुन्या कार्यकर्त्यांनी मोबाईलला नाक मुरडू नये, असे मला वाटते.

शिवाय मोबाईल आपल्या हातात आपण होऊन आलेला नाही. १ मार्च २०२१ ला केंद्र सरकारने पोषण ट्रॅकर आणले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल प्रकल्प कार्यालयात परत नेऊन ठेवले. फोन अडकत होते, तापत होते, दुरुस्तीचा खर्च अंगावर पडत होता, आणि ॲप इंग्रजीत होते. ते आंदोलन तंत्रज्ञानाविरुद्ध होते असे काही वर्तमानपत्री पंडितांनी लिहिले. तसे काही नव्हते. चालणारा फोन द्या आणि आम्हाला वाचता येईल अशा भाषेत द्या, एवढीच मागणी होती. त्यानंतर १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा जुळवणे आले. बाळंतीण माहेरी गेलेली, तिचा मोबाईल नंबर नवऱ्याच्या नावावर, ओटीपी जातो सुरतेला नाहीतर पुण्याला, आणि इकडे सेविका दारात उभी. हे तुम्हाला सांगायला नको.

मी तुम्हाला सांगते, नवा सभासद इथून मिळतो. 'कामगार एकजुटीचा विजय असो' एवढे लिहून पाठवल्याने मिळत नाही. संध्याकाळी सात वाजता एखादी सेविका ग्रुपवर लिहिते, "ताई, चेहरा जुळत नाहीये, काय करू?" तिला त्या रात्री जी उत्तर देते, ती संघटना तिची. मग उत्तर आपल्या शाखेने दिलेले असो, दुसऱ्या संघटनेने, नाहीतर कार्यालयातल्या एखाद्या कनिष्ठ माणसाने. त्या प्रश्नाखाली चोवीस तास शांतता, आणि सकाळी सहा वाजता फुलांचा गुच्छ व शुभ सकाळ, असे ज्या ग्रुपवर चालते, त्या ग्रुपचा आवाज बायका बंद करून ठेवतात. तुम्हीही ठेवला असता.

आमच्या तालुक्यात आम्ही यासाठी साधी व्यवस्था केली. चार जणी निवडल्या, ज्यांना ॲप नीट येते. दोन जणींची एक पाळी, आठवडा-आठवडा. संध्याकाळी सहा ते आठ या वेळात जो प्रश्न येईल त्याला त्या उत्तर देणार. माहीत नसेल तर 'उद्या विचारून सांगते' असे तरी लिहिणार, आणि दुसऱ्या दिवशी खरोखर सांगणार. सोबत एक दोनशे पानी वही. तारीख, गाव, प्रश्न, काय सांगितले, सुटला की नाही. ही वही मोबाईलवर ठेवली तरी चालेल, पण कागदाची वही बैठकीत टेबलावर ठेवता येते आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांसमोर उघडता येते, "साहेब, या महिन्यात हाच प्रश्न इतक्या गावांतून आला." निवेदनापेक्षा त्या वहीने जास्त कामे झाली. आणि ज्या गावाचा प्रश्न सुटला, त्या सेविकेला पुढच्या बीट बैठकीच्या दिवशी गाठायचे. तिच्याकडे पावतीपुस्तक घेऊन जाणारी बाई तीच पाहिजे, जिने उत्तर दिले होते. दुसरी कोणी गेली तर ती वर्गणी मागणारी वाटते.

एक सावधगिरी इथेच सांगते. प्रश्न विचारताना बायका ॲपच्या पडद्याचा फोटो जसाच्या तसा टाकतात. त्यावर लाभार्थीचे नाव असते, आधारचे आकडे असतात, कधी बाळाचा फोटो असतो. हे ताबडतोब काढायला लावायचे. तिथे चूक झाली तर कारवाई सेविकेवर होणार, आणि त्या बाळंतिणीचा आपल्यावरचा विश्वास जाणार तो निराळाच. ओटीपी तर कोणी कोणाला पाठवायचाच नाही, आपल्या सचिवालासुद्धा नाही.

दुसरी गोष्ट शासन निर्णय आणि परिपत्रके. बारा पानी परिपत्रक पीडीएफ म्हणून पुढे ढकलले की आपले काम झाले, असे आपल्याला वाटते. ते कोणी वाचत नाही. दोन मिनिटांचा आवाजी निरोप करा: काय बदलले, कधीपासून, आपण काय करायचे. संपले. बेळगाव, निपाणीकडून आलेल्या भगिनी इथे आहेत, बऱ्हाणपूर, इंदूरकडच्या आहेत. तुमच्याकडे आदेश कन्नडमध्ये किंवा हिंदीत निघतो आणि काही जणींना तो घरच्या भाषेत समजून घ्यायचा असतो. तिथे असा आवाजी निरोप मराठीत दिला तर ती मोठीच मदत होईल. मात्र अर्थ लावताना हात सांभाळून. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या प्रकरणात निकाल दिला, की अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो. निकाल मोठाच होता. पण त्यातून 'आपण सगळ्या सरकारी नोकर झालो' असा अर्थ निघत नाही. असा निरोप आपल्या ग्रुपवरून एकदा गेला, की तो खोडायला सहा महिने लागतात, आणि तोवर निराश झालेली बाई वर्गणीही देत नाही.

आता मदतनिसांचे बोलते, कारण त्या या विषयातून नेहमी गळतात. पुष्कळ मदतनिसांकडे स्वतःचा स्मार्टफोन नाही. असला तर तो दिवसा मुलाकडे किंवा नवऱ्याकडे. म्हणजे आपल्या ग्रुपवर नाव मदतनिसाचे आणि वाचणारा तिचा कॉलेजातला मुलगा. 'सेविकेने मदतनिसाला निरोप सांगावा' असा ठराव आपण करतो, पण काही गावांत दोघींचे पटत नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणून मदतनिसांसाठी प्रत्येक बीटमध्ये त्यांच्यातलीच एक जण नेमा आणि तिने साध्या फोनवर बोलून निरोप द्यावा. दहा-बारा जणींना महिन्यातून दोनदा फोन करणे फार नाही. तो खर्च संघटनेने द्यावा. ग्रुपवर आल्या नाहीत म्हणून त्या सभासद यादीतून हळूहळू निसटल्या, तर मोर्चातली निम्मी ताकद गेली असे समजा.

यापुढचा भाग जरा नाजूक आहे. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर प्रत्येकीला दिसतो. शेजारच्या एका तालुक्यात कोणीतरी ग्रुपची लिंक गावच्या दुसऱ्या ग्रुपवर टाकली. अनोळखी माणसे आत आली, आणि एका सेविकेला रात्री-बेरात्री फोन येऊ लागले. घरात भांडण झाले. नवरा म्हणाला, ग्रुपही सोड आणि युनियनही सोड. तिने दोन्ही सोडले. तिच्या दारी मी दोनदा जाऊन आले. तिने चहा दिला, वर्गणी दिली नाही, आणि तिला दोष देण्याची माझी हिंमत नाही.

म्हणून मोठ्या संख्येसाठी वेगळी व्यवस्था हवी. व्हॉट्सॲपचे चॅनेल भारतात २०२३ पासून आहे. त्यात एका बाजूने निरोप जातो आणि घेणारणीचा नंबर दुसऱ्या घेणारणीला दिसत नाही. परिपत्रक, मोर्चाची तारीख, निकाल, हे सगळे चॅनेलवर जाऊ दे. ते सभासद नसलेल्यांसाठीही उघडे ठेवा. आपला बाहेरचा फलक म्हणा त्याला. ग्रुप मात्र बीटपुरता, वीस-पंचवीस जणींचा, जिथे सगळ्या एकमेकींना चेहऱ्याने ओळखतात. लिंकने प्रवेश बंद. हजार जणींना एका ग्रुपमध्ये बसवता येते हे खरे, पण तिथे बोलतात पाच जणी आणि बाकीच्या बघतात.

पर्यवेक्षिका मॅडमना आपल्या ग्रुपमध्ये घ्यावे का, हा प्रश्न नेहमी येतो. माझे उत्तर नाही असे आहे. त्या कितीही चांगल्या असोत. कार्यालयाचा ग्रुप वेगळा आहेच, तिथे त्यांचे राज्य. आपल्या ग्रुपवर त्या असल्या की कोणी तोंड उघडत नाही, आणि नसल्या तरीही पडद्याचे फोटो त्यांच्यापर्यंत पोचतात हे धरून चालायचे. म्हणून तक्रार करणारीचे नाव ग्रुपवर घ्यायचे नाही, मोर्चाची आतली आखणी तिथे करायची नाही. ती समोरासमोर करावी. कायद्याची भीती घालणारे बरेच असतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केले. आणि ग्रुपवर दुसऱ्याने काही आक्षेपार्ह टाकले म्हणून, संगनमत नसताना, केवळ ॲडमिन आहे एवढ्यावर तिला गुन्हेगार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. याचा अर्थ काहीही लिहावे असा नाही. अब्रूनुकसानी, धमकी, जातिधर्मावरून चिथावणी यांची इतर कलमे शिल्लक आहेत. निवडणुकीच्या हंगामात तर पक्षांचे आणि देवाधर्माचे निरोप ग्रुपवर येऊच देऊ नका. आपल्या सभासद सगळ्या पक्षांना मते देतात. ज्या दिवशी ग्रुप एका पक्षाचा वाटला, त्या दिवशी निम्म्या जणी मनाने बाहेर पडतात.

वर्गणीचे सांगते. यूपीआयमुळे वसुली सोपी झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण कोड संघटनेच्या बँक खात्याचा पाहिजे. सचिवाच्या किंवा तिच्या मुलाच्या खात्याचा मुळीच नाही, मग ती कितीही प्रामाणिक असो. पैसे आले की पावती फाडायची, तिचा फोटो त्याच दिवशी त्या बाईला पाठवायचा आणि मूळ पावती बैठकीत हातात द्यायची. दर महिन्याच्या पाच तारखेला बीटच्या ग्रुपवर हिशेब टाकायचा: मागील शिल्लक, जमा, खर्च, हातची शिल्लक. जीप भाडे किती, वकिलाची फी किती, बॅनर किती. काही सचिव म्हणतात, खर्च उघड केला की बायका प्रश्न विचारतात. विचारू देत की! जी बाई जीप भाड्याबद्दल विचारते, तिने वर्गणी आपली मानलेली असते. जी विचारतच नाही तिच्या पावत्या एकदा तपासून बघा.

संपाच्या काळात काय होते ते आपण डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ च्या महाराष्ट्रातल्या संपात पाहिले. ग्रुप रात्री दोन वाजेपर्यंत जागे होते. भाषणे, फोटो, आझाद मैदानाची गर्दी. कधी न बोलणाऱ्या बायका व्हिडिओ करून पाठवत होत्या. अशा वेळी सभासद मिळवावे लागत नाहीत, ते येतात. संप मिटतो, पंधरा दिवसांत ग्रुप थंड होतो, आणि तीन महिन्यांनी वर्गणीची मागणी गेली की कोणी उत्तर देत नाही. ओहोटी का लागते? मागण्यांपैकी काय मिळाले, कोणती मागणी कोणत्या खात्यात अडली आहे, हे संप मिटल्यावर कोणी सांगतच नाही. म्हणून संपानंतर निदान सहा महिने, दर पंधरवड्याला, 'मागणी कुठवर आली' असा एक निरोप गेलाच पाहिजे. काहीच झाले नसेल तर 'काहीच झाले नाही, फाईल वित्त खात्यात आहे' असे लिहा. तेवढेही चालते. आणि संपात नव्याने आलेल्या प्रत्येकीची पावती तिथेच मैदानावर फाडून घ्या. घरी गेल्यावर करू म्हटले की राहिले.

दर तिमाहीला प्रत्येक तालुका सचिवाने जिल्ह्याला दोन आकडे कळवावेत, असे मी कार्यकारिणीला सुचवले आहे. एक ग्रुप व चॅनेलचा, दुसरा चालू पावतीवरचा. दोन्हींत अंतर असणारच. ते कोणत्या बीटमध्ये जास्त आहे हे कळले, की पुढच्या महिन्यात कोणाच्या गावी जायचे ते ठरते. तालुक्यात तीनशे जणी आहेत असे समजा. चॅनेलवर दोनशे साठ, पावतीवर एकशे चाळीस. म्हणजे एकशे वीस जणी आपले ऐकतात पण अजून आपल्या नाहीत. गावोगाव फिरून इतकी नेमकी यादी पूर्वी कधी मिळाली नसती.

शेवटचा मुद्दा, आणि मग प्रश्न घेऊ. ॲडमिन कोण? आज बहुतेक ठिकाणी ग्रुप सचिवाच्या खासगी नंबरवर आहे. ती निवृत्त झाली, रागावली, किंवा दुसऱ्या संघटनेत गेली, तर ग्रुप तिच्याबरोबर जातो. आम्ही शाखेच्या खर्चाने एक सिम घेतले आहे. ते कार्यकारिणीच्या ठरावाने सचिवाकडे असते, पावतीपुस्तकांबरोबर नोंदवहीत चढवलेले, आणि पदभार देताना सही करून पुढच्या सचिवाला द्यायचे. शिवाय प्रत्येक ग्रुपला किमान दोन ॲडमिन, त्यांतली एक मदतनीस. ठरावाचा नमुना मी छापून आणला आहे, मागच्या टेबलावर आहे, जाताना एकेक प्रत घेऊन जा. बेळगावच्या भगिनींनी मघाशी हात वर केला होता, त्यांचा प्रश्न आधी घेऊ.